कोर्ट कॉलेजात कळलं की कोर्टात गेल्यावर? अनुभव सांगा

मंगळवेढ्याची_आत्या
भाची लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल जेवणं उरकल्यावर इंटर्नशिपची डायरी लिहीत होती, समास आखून, सुवाच्य अक्षरात : 'साक्षीदार क्र. १ ची सरतपासणी झाली', म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलानं प्रश्न विचारून साक्ष घेतली. मी विचारलं, साक्षीदार बाई होती की पुरुष? गप्प. मैत्रिणीच्या वहीतून उतरवणं चाललं होतं.

नियमांत कमी नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप सांगितली आहे. मूट कोर्टच्या (म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टाच्या) पेपरात तीन मूट, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघणं, पक्षकाराशी बोलणं, सगळ्याला गुण आहेत. पण पोरांना कोर्टहॉलमध्ये शेजारी बसवून 'आता हे बघ' म्हणणारं कोणी नाही, याचा मला फार त्रास होतो.

माझ्या सीनियरनी पहिल्याच दिवशी फाईल देऊन सांगितलं, दावा नंतर वाच, आधी रोजनामा वाच, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद. समन्स काढलं. बेलिफचा अहवाल, घर बंद. पुन्हा समन्स. प्रतिवादी हजर, कैफियतीला (दाव्याच्या लेखी उत्तराला) मुदत. पुन्हा मुदत. शेवटी 'नो डब्ल्यूएस', म्हणजे कैफियतीशिवायच पुढं. कैफियतीला ३० दिवस, फार तर ९०, हे परीक्षेला पाठ होतं. त्या मुदतीत माणसं काय काय करतात ते त्या पानांवर दिसलं. तुमचं सांगा.

पूर्वभागकर
कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात बसायचो तेव्हा एक विडी कामगार आजी आल्या. घरमालक खोली खाली करा म्हणतोय. आम्हाला छापील फॉर्म दिलेला, नाव पत्ता वाद काय. आजी तेलुगूत लेकीच्या लग्नापासून सुरू झाल्या. फॉर्म मिटला आणि ऐकत बसलो, घरची भाषा तीच. बऱ्याच वेळाने रेशनकार्डाच्या पिशवीतून भाड्याच्या पावत्या निघाल्या, दोऱ्यात ओवलेल्या, जुनी सगळ्यात खाली. सगळी केस त्या दोऱ्यात होती. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

शेंगाचटणी
@पूर्वभागकर अंगावर काटा आला. आजींची खोली राहिली का?

पूर्वभागकर
राहिली. तडजोड झाली लोकअदालतीत.

जुना_अशिलदार
मी वकील नाही, न वटलेल्या चेकच्या केसमधला फिर्यादी. आमच्या वकीलबाई वयाने लहान होत्या. बाकी काही ऐकायच्या आधी बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मागितला आणि तारीख बघितली. मेमो कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पुढे समोरच्याला १५ दिवस, मग महिन्यात फिर्याद. कॅलेंडरवर पेनाने गोल करून दाखवलं त्यांनी. तेवढ्यानं मी त्या रात्री झोपलो. हे ज्यांनी त्यांना शिकवलं त्यांना माझा नमस्कार.

फौजदारी_बाजू
मूटला आम्ही केशवानंद भारती या संविधानाच्या गाजलेल्या खटल्यावर (१९७३) तासभर बोललो, बक्षीसही मिळालं. पण जामीन मंजूर झाल्यावर पुढं काय, ते एकाही तासाला आलं नाही. जामीनदार कोण, त्याचा सातबारा की घरपट्टीची पावती, कागद संध्याकाळच्या आत जेलला पोचले नाहीत तर माणूस रात्रभर आतच. बाहेर त्याची आई उभी असते ओ. हे शिकवायलाच पाहिजे.

कुकर_लावलाय
घाईत लिहितेय. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हापासून आमच्याकडं शिकणाऱ्यांचे हाल. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. त्याआधीचे गुन्हे जुन्याच कलमांनी चालणार, म्हणजे दोन्ही पुस्तकं उशाशी. शिट्टी झाली, येते

शेंगाचटणी
@कुकर_लावलाय माझी मुलगी भिंतीवर दोन रकाने करून चिकटवते. छान लक्षात राहतं म्हणते.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस
आमच्या सरांची आठवण आली. फौजदारी अपील शिकवायच्या आधी वर्ग उठवून हुतात्मा चौकात नेलं. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ (लष्करी कायदा), मग १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. सर म्हणाले, शिक्षा झाल्यावर माणसाच्या हातात कायद्याचं काय उरतं ते इथं उभं राहून विचार करा, मग पुस्तक उघडा. सोलापूरच्या पोरांना यापेक्षा चांगला पहिला तास कुठला द्यायचा?

काळाकोट_पांढराबँड
आणि आता हायकोर्टही जवळ आलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ), आपला सोलापूर जिल्हा त्यात. आधी रात्रीची गाडी धरून मुंबई. कॉलेजांनी एकदा तरी पोरांना न्यावं. युक्तिवाद ऐकताना न्यायमूर्ती कुठं थांबवतात ते कळतं, तिथंच खरी केस असते.

लॉ_दुसरं_वर्ष
आम्हाला आत बसू देतील का? कॉलेजचं पत्र लागतं का?

मंगळवेढ्याची_आत्या
@लॉ_दुसरं_वर्ष कोर्ट खुलं असतं, बाळा. काही प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडून कुठंही मागच्या बाकावर बस. मोबाईल बंद. आदल्या दिवशी ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघ आणि 'पुरावा' टप्प्यावरची केस शोध, नुसत्या तारखा बघून कंटाळशील. उलटतपास लागला की प्रश्न लिहू नकोस, साक्षीदार कुठल्या प्रश्नाला थांबला ते लिही.

लॉ_दुसरं_वर्ष
थँक यू आत्या 🙏

शेंगाचटणी
कोल्हापूरला गाडीनं कसं जायचं? मुलीला न्यायचंय.

काळाकोट_पांढराबँड
मंगळवेढा, सांगोला, मिरज. पहाटे निघा. आषाढीच्या आसपास मात्र नको, वारीची गर्दी असते.