मदत हवी आहे: मुलगे कुळागरात राबतात, पण पुढे होत नाहीत

सत्तरीकर: आमचं कुळागर आहे, म्हणजे मिश्र बागायत. पोफळी, माड, मिरी, केळी. मुलगा आणि दोन पुतणे कामाला वाघ, पुढाकार शून्य. नारळ पाडणारा पाडेली आला नाही, मला फोन. पंप बंद, मला फोन. पाट फुटला तर आधी मला विचारणार, मग दगड लावणार. गावच्या बैठकीत तिघंही मुके. नेतृत्व शिकवणारं चांगलं शिबिर कुठे असतं? लवकर सांगा, पावसाआधी पाठवायचेत.

माशेलचा: वयं काय? शिकलेत किती?

सत्तरीकर: २४, २२, १९. शिक्षणाचा काय संबंध? शिबिर सांगा.

हळर्णकर: जुन्या गोव्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे प्रशिक्षणं होतात. वाळपईच्या कृषी कार्यालयात ‘आत्मा’ या सरकारी शेतकरी-प्रशिक्षण योजनेच्या माणसाला विचारा, अभ्याससहलीही असतात.

अभ्यासू: संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचं दशक जाहीर केलंय. त्यात तरुणांवर खास भर आहे.

माशेलचा: माकडांना कळवा. यंदा एक शहाळं धड ठेवलं नाही.

जुना बागायतदार: पावसाआधी म्हणालात म्हणून सांगतो. सुपारीच्या कोळेरोगाला, म्हणजे पावसातल्या फळगळीला, बोर्डो मिश्रणाची फवारणी हवीच. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात वेगवेगळं भिजवा. चकचकीत सुरी बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना वाढवा.

फोंड्याची सून: काका, सुपारीचे पैसे कोणाच्या खात्यात जातात? सरकारी योजनांसाठी लागणारं कृषी कार्ड कोणाचं?

सत्तरीकर: माझंच. आणखी कोणाचं असणार? जमिनीच्या उताऱ्यावर, एक-चौदावर, तर अजून वडिलांचं नाव आहे.

हळर्णकर: म्हणजे वाटण्या व्हायच्यात. पुतणे आहेत म्हणजे भावाचाही वाटा आला. बहिणी किती? गोव्यात मुलींचा हिस्साही समान असतो.

सत्तरीकर: तो विषय नाही.

फोंड्याची सून: आमच्या सासऱ्यांनी मिरीचा सगळा व्यवहार दिराकडे सोपवला. पहिल्या वर्षी त्याने नीट न वाळवताच विकली, भाव पडला. सासरे चकार शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पठ्ठ्या खळ्यात बसून दाणे दाताखाली फोडून बघत होता. आता गटाच्या बैठकीत भावावरून भांडतो.

माशेलचा: आणि तोटा कोणी भरायचा? आजकाल पोरांच्या हातात पैसा दिला की दारात बुलेट येते.

फोंड्याची सून: शिबिराची फी भरता, तशी ही भरा. आणि खर्च त्यांनी वहीत मांडू दे.

सत्तरीकर: बुलेट आधीच आलीय. मिरी थोरल्या पुतण्याकडे देऊन बघतो. सुपारी नाही.

अभ्यासू: मुलाला सोडून पुतण्याला?

सत्तरीकर: मुलगा हिशेबात कच्चा. धाकटा बरा, पण झाडावर चढायला तोच लागतो.

माशेलचा: बोर्डोवाले काका, मोरचूद बागायतदार सोसायटीच्या दुकानात मिळेल?