ग्राहक विश्वास निर्देशांकातील १०० हा आकडा काय सांगतो?

प्रश्न :
कुटुंबांच्या सर्वेक्षणातून काढलेला ग्राहक विश्वास निर्देशांक १०० च्या वर असला तर लोक आशावादी आणि खाली असला तर निराश, असा माझा समज होता. परंतु मिशिगन विद्यापीठाच्या मालिकेत ९० च्या आसपासचे आकडेही चांगले मानलेले दिसतात. शिवाय जून २०२२ मध्ये हा निर्देशांक ५०.० पर्यंत घसरला, तेव्हा अमेरिकेतील बेरोजगारी केवळ ३.६ टक्के होती. मग यातून नेमके काय मोजले जाते?

प्रतिसाद १ :
आपला समज काही निर्देशांकांना लागू पडतो, मिशिगनला नाही. तेथे पाच प्रश्न असतात : वर्षभरापूर्वीच्या तुलनेत कुटुंबाची आर्थिक स्थिती, तिचे येते वर्ष, देशाच्या अर्थव्यवस्थेचे येते बारा महिने, पुढील पाच वर्षे आणि घरातील मोठ्या वस्तूंच्या खरेदीसाठी काळ योग्य आहे का. प्रत्येक प्रश्नावरील अनुकूल उत्तरांच्या टक्केवारीतून प्रतिकूल उत्तरांची टक्केवारी वजा करून त्यात १०० मिळवतात. अशा पाचही आकड्यांच्या बेरजेला ६.७५५८ ने भागून, जुन्या नमुना-पद्धतीतील बदलाची दुरुस्ती म्हणून, २ मिळवतात. हा भाजक १९६६ या आधारवर्षातून (ज्या वर्षाची पातळी १०० धरली जाते) आला आहे आणि त्या वर्षी लोकांची मनःस्थिती बरीच उत्साही होती. आशावादी आणि निराश सर्वत्र समसमान असते तर बेरीज ५०० आणि निर्देशांक सुमारे ७६ आला असता. समतोलाची रेषा तीच; १०० ही रेषा १९६६ ची.

प्रतिसाद २ :
वरील गणितात 'फरक नाही' असे म्हणणारे दिसेनासे होतात, हेही लक्षात घ्यावे. एका महिन्यात ३० टक्के अनुकूल, २० टक्के प्रतिकूल आणि उरलेले तटस्थ, तर दुसऱ्या महिन्यात ५० टक्के अनुकूल, ४० टक्के प्रतिकूल असले तरी दोन्ही वेळा आकडा ११० च येतो, जरी दुसऱ्या महिन्यात समाज स्पष्टपणे दुभंगलेला असला तरी. असाच निर्देशांक काढणारी अमेरिकेतील दुसरी संस्था, कॉन्फरन्स बोर्ड, तटस्थांना वगळून अनुकूल उत्तरांचा उरलेल्यांतील वाटा काढते. त्या पद्धतीने हेच महिने ६० आणि सुमारे ५६ असे वेगळे पडतात. (त्यांचे आधारवर्ष १९८५ आहे, त्यामुळे दोन्ही मालिकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ.)

प्रतिसाद ३ :
जून २०२२ बद्दल : त्या महिन्यात अमेरिकेतील वार्षिक महागाई ९.१ टक्के होती. मिशिगनचे प्रश्न कुटुंबाच्या खिशाभोवती आणि खरेदीभोवती फिरतात, त्यामुळे भाववाढ त्यात थेट उमटते. नोकऱ्या मुबलक आहेत की दुर्मीळ, हे कॉन्फरन्स बोर्ड विचारते, आणि त्यांचा निर्देशांक तेव्हा तितका कोसळला नव्हता. बेरोजगारीशी विसंगती वाटते ती मुख्यतः प्रश्नांच्या निवडीमुळे, असे माझे मत आहे. राजकीय कलही विसरू नये : अध्यक्ष बदलला की दोन्ही पक्षांच्या समर्थकांची उत्तरे उलट दिशांना सरकतात, त्यांच्या मिळकतीत तोवर काहीही बदललेले नसले तरी.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. आता एकत्रित आकड्याऐवजी पाचही प्रश्नांच्या मालिका वेगवेगळ्या मांडून पाहतो, आणि तटस्थांचे प्रमाणही त्यांच्याच शेजारी ठेवतो.