चीनमधल्या विद्यार्थ्यांना कशाचं वाईट वाटतं, आणि आपल्या नागपूरच्या पोरापोरींना?

प्रश्न: भाषावेडी_नागपूर

नमस्कार, मी इथे नागपुरातच एमए करतेय आणि प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय की कॉलेजच्या पोरापोरींना कोणतं बोलणं लागतं. वाचता वाचता २०१० चा एक अभ्यास सापडला, जोनाथन कल्पेपर हा इंग्लंडमधला भाषाशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, त्यात इंग्लंड, चीन, फिनलंड, जर्मनी आणि तुर्कस्तान इथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःला लागलेले प्रसंग लिहून दिलेत, सगळे मिळून ५००. इंग्लंडच्या पोरांचे जास्त प्रसंग असे की कोणीतरी त्यांच्या हुशारीला, दिसण्याला, वागण्याला नावं ठेवली. चीनच्या पोरांचे मात्र जास्त करून असे की मला न्यायाने वागवलं नाही, माझ्या हक्काचं होतं ते दिलं नाही, उगाच दबाव टाकला. मी तर आजवर हेच ऐकत आले की चिनी माणसासाठी चारचौघातली इभ्रत म्हणजे सगळं काही, मग हे असं कसं?

आणि दुसरं म्हणजे माझे गाईड म्हणतात शिव्यांची आणि टोमण्यांची यादी बनव, पोरांना वाटून दे आणि प्रत्येकाला किती लागतं याचे मार्क घे. मला ते अजिबात पटत नाहीये. तुम्ही काय कराल?

उत्तर १: बोलीअभ्यासक

यादी नको, प्लीज. एकच वाक्य रूममेट बोलला तर माणूस हसतो आणि खिडकीमागचा क्लार्क बोलला तर रात्रभर झोप येत नाही, ते यादीत कुठे पकडणार? त्या अभ्यासात 'उद्धट' किंवा 'असभ्य' असा शब्द विचारलाच नव्हता. ज्या बोलण्यानंतर तुम्हाला वाईट वाटलं, दुखावल्यासारखं किंवा लाजल्यासारखं झालं तो प्रसंग लिहा, एवढंच. तुम्हीही फॉर्मवर 'अपमान' शब्द टाकू नका, टाकला की पोरं फक्त शिवीगाळ आठवतात आणि खरं दुखणं बाजूला राहतं.

इभ्रतीचं म्हणाल तर तो विचार चीनच्या बाबतीत जुना आहे. मानववंशशास्त्रज्ञ हू श्येन-चिन यांनी १९४४ मध्येच दाखवलं होतं की तिथे ती दोन प्रकारची असते, एक माणसाच्या चारित्र्यावर समाजाचा जो विश्वास असतो ती आणि दुसरी यशाने, नावलौकिकाने मिळवलेली. पुढे ब्राउन आणि लेविन्सन या भाषाअभ्यासकांनी इभ्रतीबद्दलच मांडलं की आपल्यावर कोणी काही लादू नये असं जगात प्रत्येकालाच वाटतं. त्यावर चिनी भाषाशास्त्रज्ञ गु युएग्वो यांनी १९९० मध्ये हरकत घेतली, की चिनी घरात पाहुणा नको नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा जेवायला बस म्हणणं म्हणजे लादणं नव्हे, ती आपुलकी. आपल्याकडे पंगतीत आग्रह न करणारा यजमान कसा वाटतो हे काय वेगळं सांगायचं!

पण माझं स्पष्ट मत, इभ्रत आणि न्याय असे दोन वेगळे कप्पे करूच नका. लोकांसमोर मला डावललं की दोन्ही एकाच वेळी जातात.

उत्तर २: होस्टेलची_पोरगी

बोलीअभ्यासक सर, हे शेवटचं एकदम खरं. आमच्या ग्रुपमध्ये दिवसभर 'काय बे, डोकं आहे का तुले' चालू असते, त्याचं कोणाले काहीच वाटत नाही. पण मागे स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला एका ऑफिसात गेली होती, लाईन पार दाराबाहेर, ऊन मरणाचं, माझा नंबर आला तर आतला माणूस वर न बघताच म्हणतो "वाचता येत नाही का, बोर्डावर लिहिलंय ना". बोर्ड होता त्याच्या मागे, अर्धा कपाटाने झाकलेला. ते मी गिळलं. मग माझ्या मागून एक जण आला, "अरे या या, बसा" म्हणून त्याले खुर्ची, त्याचा फॉर्म हातोहात घेतला आणि मले सांगितलं उद्या या. त्या "उद्या या" मध्ये एकही वाईट शब्द नाही, आवाजही चढला नव्हता, पण आजही आठवलं की अंगाची लाही होते. त्या गाईडच्या यादीत "उद्या या" कुठे बसेल सांगा.

उत्तर ३: डॉक्टर_विदर्भवाला

मी एमबीबीएस चीनमध्ये केलं म्हणून लिहितो. तिथली पोरं होस्टेलच्या एकाच रूममध्ये चार-सहा जण राहतात, आपसात खूप जीव लावतात, आणि जवळच्या दोस्ताला सारखं थँक्यू म्हटलं तर तो म्हणतो इतकं परक्यासारखं काऊन बोलतो. अनोळखी माणसाशी मात्र बोलणं तुटक. त्यामुळे कोण बोललं, ओळखीचं की बाहेरचं, हा रकाना फॉर्मवर हवाच.

आणि फोनवरचं सोडू नका. वीचॅट म्हणजे तिथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप, त्यावर तो साधा हसरा चेहरा असतो ना, मोठी माणसं मनापासून पाठवतात आणि तरुण पोरांना तो तुच्छतेने हसल्यासारखा वाटतो. 'हं' असं एकदाच लिहिलं तर थंड, 'हंहं' असं दोनदा लिहिलं तर प्रेमाचं. आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर नुसतं 'ओके' आलं की पोरं तासभर विचार करत बसतात, हे प्रसंग तुम्हाला ढिगाने मिळतील.

भाषावेडी_नागपूर

खूप मदत झाली, आता गाईडशी बोलायला मुद्दे आहेत. फॉर्ममध्ये डावीकडे काय बोलणं झालं ते शब्दशः आणि उजवीकडे त्या वेळी मनात काय चाललं होतं ते, असं करते. फक्त भाषा कोणती ठेवू? आमच्या वर्गात अर्धी मुलं हिंदीत भांडतात.

बोलीअभ्यासक

ज्या भाषेत लागलं त्याच भाषेत लिहू द्या, वऱ्हाडी, हिंदी, मिसळ, काहीही, प्रमाण मराठीत आणायला लावलं की निम्मी धार जाते. नावं आणि ऑफिसं बदलून घ्या, लेखी परवानगी घ्या, आणि आधी पाच-सहा मैत्रिणींकडून भरून बघा म्हणजे कुठला प्रश्न कळत नाही ते दिसेल. आणि लिहिताना 'चिनी लोक असे' असं कुठेही लिहू नका, ती त्या वेळच्या काही विद्यार्थ्यांची उत्तरं आहेत. तसंच तुमच्या वर्गावरून 'नागपूरकर असे' हेही नको.