अनुभव धागा: तुमच्या घरी ॲपं किती, वर्गणी किती, आणि हवं ते सापडतं का?

परवा रात्री जेवणं उरकल्यावर सासूबाईंनी एक साधी इच्छा सांगितली. लग्न झाल्यावर मामंजींबरोबर त्यांनी पुण्यात एक मराठी सिनेमा पाहिला होता, तो पुन्हा बघायचा होता. आमच्याकडे तीन ॲपं पैसे भरून घेतलेली आहेत. मी पाऊण तास शोधत बसले. एकावर त्याचं नावच नाही. दुसऱ्यावर पोस्टर दिसलं, पण लावायला गेलं की आणखी एका चॅनेलची वर्गणी मागतं. तिसऱ्यावर त्याच नावाची मालिका. शेवटी त्या म्हणाल्या, "राहू दे गं, तुला सकाळी लवकर निघायचंय." ते माझ्या मनाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन २०२५ चा हिशोब मांडला. नेटफ्लिक्सचा महिन्याला ४९९ चा प्लॅन, म्हणजे वर्षाचे ५,९८८. प्राइमचे १,४९९. जिओहॉटस्टार प्रीमियमचे १,४९९. झाले ८,९८६. यात वायफाय धरलेलं नाही, आईंच्या मालिकांसाठी चालू ठेवलेली डिशही नाही. प्राइमची वर्षाची वर्गणी २०१६ मध्ये ४९९ होती, २०१७ मध्ये ९९९ झाली, २०२१ च्या डिसेंबरात १,४९९. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला वेगळे ६९९. नेटफ्लिक्सने मात्र त्याच डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर खाली आणले होते, मोबाइलचा प्लॅन १९९ वरून १४९ झाला होता, हेही सांगायला हवं. एकेक आकडा बघितला तर जड नाही. जड होतं ते सगळं एकत्र आणल्यावर, आणि एवढं करूनही हवं ते न मिळाल्यावर.

तुमच्या घरी काय चालतं? काय बंद केलं, काय ठेवलं, कशावरून वाद झाले? सविस्तर लिहा. चोरीच्या लिंका मात्र कोणी देऊ नका. हा धागा पैसे भरून बघणाऱ्यांचा आहे.

(ठाणे)

सोलापूर

माझं घर क्रिकेटवर चालतं, त्यामुळे माझी यादी सिनेमांची नाही, दौऱ्यांची आहे. २०२२ च्या जुलैत वेस्ट इंडिजचा दौरा फॅनकोडवर होता. त्याच नोव्हेंबरात न्यूझीलंडचा दौरा प्राइम व्हिडिओवर. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर जिओसिनेमाला, फुकट. टीव्हीवर मात्र स्टारला. त्याच वर्षीचा विश्वचषक हॉटस्टारवर. मायदेशातल्या मालिका पुन्हा जिओसिनेमावर. ऑस्ट्रेलियाचा २०२४-२५ चा दौरा हॉटस्टारवर. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला ही दोन्ही एक होऊन जिओहॉटस्टार झालं.

हे असं का होतं ते समजून घेतलं तेव्हा राग थोडा निवळला. प्रत्येक देशाचं मंडळ आपापल्या मैदानावरचे हक्क विकतं. आपला संघ जिथं खेळायला जाईल तिथल्या मंडळानं ज्याला हक्क विकले, त्याच्या दारात आपण उभे. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, त्यात टीव्ही एकाकडे आणि डिजिटल दुसऱ्याकडे. एवढा पैसा ओतणारा तो कुठून तरी वसूल करणारच.

पण माझ्या वडिलांना हे कसं समजावू? ते सोलापुरात असतात, ७६ वर्षांचे आहेत. कानाला ट्रान्झिस्टर लावून त्यांनी अख्ख्या कसोट्या ऐकल्यात, केंद्र एकच असायचं. आता दर दौऱ्याला मला फोन येतो, "या वेळी कुठं रे?" मी बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर एकेक बटण सांगतो. तोवर पहिली पाच षटकं गेलेली असतात.

पुणे, वसतिगृह

आम्ही खोलीत चौघं. एक वर्गणी चौघांत. एका वेळी एकच स्क्रीन चालते, म्हणून रविवारी रात्री ज्याची पाळी तो ठरवतो. मेसचे पैसे भरल्यावर याहून जास्त परवडत नाही.

नाशिक, बँकेत नोकरी

मला इथं जरा लांब लिहायचंय, कारण काउंटरवर हे रोज बघते.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक पासबुक भरून घ्यायला आले. ओळींवर बोट ठेवून विचारलं, "ताई, हे दर महिन्याला काय जातंय?" नातवानं उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या फोनवर एक ॲप घेतलं होतं. सुटी संपली, नातू गेला, सरांनी फोनवरून ॲप काढून टाकलं आणि विषय संपला असं धरलं. चौदा महिने पैसे जात होते. ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार?

म्हणून सगळ्यांसाठी लिहून ठेवते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू आहे. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी आणि त्या सूचनेतूनच तुम्हाला नकार देता यायला हवा. मंजुरी पहिल्यांदा देताना ओटीपी लागतो, पण पुढचे हप्ते १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय जातात. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढली. आपल्या वर्गण्या या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात, म्हणजे तुम्ही स्वतः थांबवल्याशिवाय त्या थांबत नाहीत. ती सूचना जाहिरातींच्या पन्नास मेसेजमध्ये बुडून जाते, ही खरी अडचण.

यूपीआयवरून घेतलं असेल तर त्या ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा विभाग शोधा. चालू असलेली सगळी मँडेटं, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या मंजुऱ्या, तिथं दिसतात आणि तिथूनच रद्द होतात. कार्डावरून असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर ई-मँडेटची यादी असते. आज रात्रीच बघा. आई-वडिलांच्या फोनवर तर नक्कीच बघा.

सरांचे मागचे पैसे परत मिळाले नाहीत. पुढचे थांबवले. जाताना त्यांनी मला पेढा दिला आणि मला अपराधी वाटलं.

सांगली जिल्हा, केबल व्यवसाय

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. वडिलांनी नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश बसवून धंदा सुरू केला. लोक शिव्या द्यायचे, पण बिघाड झाला की हाक मारली की आम्ही शिडी घेऊन हजर. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायची, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाची, नवी पद्धत आली. पहिल्या शंभर चॅनेलना १३० रुपये अधिक जीएसटी, आणि पैशाचे चॅनेल ज्याचे त्याने निवडायचे. पॅकेजमध्ये घालायच्या चॅनेलची किंमत १९ रुपयांवर नको, असंही बंधन आलं. लोकांना ते किचकट वाटलं, घरोघर फॉर्म भरून घेताना आमचा जीव गेला. तरी प्रत्येक चॅनेलचा भाव छापलेला असायचा. गिऱ्हाइकाला कळायचं की आपण कशाचे किती देतोय.

ॲपांच्या दरावर असं कुणाचं बंधन नाही. माझी निम्मी कनेक्शनं गेली, त्याची तक्रार नाही, काळ बदलतो. मी आता इंटरनेटच्या जोडण्या देतो. पण जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, "अमुक मालिका कशावर लागते रे?" आणि मला चार वेगळी नावं सांगावी लागतात, तेव्हा वाईट वाटतं. ज्या आजींना मी लहानपणापासून काकू म्हणतो, त्यांच्याकडे जाऊन मी पैसे न घेता लावून देतो.

कोल्हापूर

मी ६८ वर्षांची आहे, हे लेकीकडून टाइप करून घेतेय. लेक पुण्याला. तिच्या खात्यावर मी इथं बघायचे. २०२३ च्या पावसाळ्यात एके दिवशी पडद्यावर आलं की हा टीव्ही त्या घरातला नाही. मी तिला फोन करून म्हटलं, "अगं, मी तुझ्या घरातली नाही असं हा सांगतोय." तिला रडू आलं. कंपनीचं गणित असेल ते असेल, घर म्हणजे एक छप्पर असं त्यांनी ठरवलं. आमच्यात लेकीचं घर आणि आईचं घर वेगळं मोजत नाहीत.

तिनं वेगळं घेऊन दिलं. मी ते दोन महिन्यांनी बंद करायला लावलं. आता रात्री आम्ही दोघी टीव्हीवरची एकच मालिका आपापल्या घरी बघतो आणि जाहिरात लागली की फोनवर बोलतो.

न्यू जर्सी

आमची अडचण जरा वेगळी आहे. भारतातलं खातं इथं उघडलं की यादीच बदलते, कारण हक्क देशागणिक विकलेले असतात. इथं हॉटस्टारची स्वतंत्र सेवा होती, ती २०२२ च्या अखेरीस बंद होऊन कार्यक्रम दुसऱ्या ॲपांत गेले. क्रिकेटसाठी विलो घेतलंय, मराठी मालिकांसाठी झी५. मुलाचं मराठी टिकावं म्हणून मी डॉलर मोजते आणि ते मला महाग वाटत नाहीत. मुलांसाठी मराठीत फारच थोडं सापडतं, याचं दुःख जास्त.

बीड जिल्हा

गावात डीडी फ्री डिश आहे. डबा एकदा विकत घेतला, महिन्याची वर्गणी नाही. ॲपं येतात ती फक्त रिचार्जबरोबर. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला तेरा वेळा, आणि जुलै २०२४ मध्ये सगळ्याच मोठ्या खासगी कंपन्यांचे दर वाढले. या वेळच्या प्लॅनमध्ये एक ॲप, पुढच्या वेळी पैसे कमी पडले की ते गेलं. बहिणीची एक मालिका सहाव्या भागावर अडकलीय. ती कापूस वेचायला जाताना विचारते, "दादा, पुढं काय झालं असेल?"

गोवा, सिनेमात ध्वनीचं काम

ठाण्याच्या ताई, तुमच्या सासूबाईंचा सिनेमा का सापडला नाही ते सांगण्याचा प्रयत्न करते. जुन्या मराठी सिनेमांचे हक्क कुठे निर्मात्याच्या वारसांकडे, कुठे कॅसेटच्या काळात एखाद्या कंपनीला विकलेले. टीव्हीचे एकाकडे, इंटरनेटचे दुसऱ्याकडे. करार ठरावीक वर्षांचा असतो. तो संपला की सिनेमा एका रात्रीत यादीतून जातो. बघणाऱ्याला वाटतं, काल तर होता!

नव्या सिनेमांचं दुखणं वेगळं आहे. ॲपं वाढली तेव्हा आम्हाला वाटलं, आता छोट्या मराठी आणि कोंकणी सिनेमाला जागा मिळेल. पहिली काही वर्षं थोडी मिळाली. आता बहुतेक ठिकाणी आधी विचारतात, थिएटरात किती चालला? थिएटरात शो मिळतो सकाळी साडेनऊचा. मी ज्या दोन सिनेमांसाठी रात्री जागून पावसाचा, होडीच्या वल्ह्याचा आवाज गोळा केला, ते आज कुठेच बघायला मिळत नाहीत. माझ्या आईनंही ते पाहिलेले नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इथे पणजीत इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी प्रसार भारतीनं 'वेव्ह्ज' नावाचं ॲप सुरू केलं. दूरदर्शनचं जुनं भांडार तिथं आहे, जरूर चाळा. भाड्यानं एकेक सिनेमा घेण्याची सोयही वाईट नाही. प्राइमवर भाड्यानं घेतलात तर सुरू करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केल्यावर संपवायला ४८ तास मिळतात. वर्षाला चारच सिनेमे बघणाऱ्या घराला तेच परवडेल. आणि काही हक्कदार कंपन्या जुने सिनेमे स्वतःच यूट्यूबवर अधिकृतपणे ठेवतात. तिथं शोधलंत का?

छत्रपती संभाजीनगर

आम्ही नवरा-बायकोनं एका महिन्याला एकच ॲप असं ठरवलंय. फ्रिजवर कागद आहे, काय बघायचं ते त्यावर लिहीत जायचं आणि ज्या ॲपवरचं जास्त साठलं ते पुढच्या महिन्यात घ्यायचं. घेतल्या घेतल्या लगेच ऑटोपे बंद, मुदत संपेपर्यंत चालतंच. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण आम्ही दोन वर्षं पाहिलं, त्यातले सात-आठ महिने आम्ही तो उघडतही नव्हतो.

मुंबई, गिरगाव

मला कमी ऐकू येतं. मी खाली अक्षरं वाचून बघतो. पैसे सगळ्यांएवढेच भरतो. मराठी मालिकेला बहुतेक वेळा इंग्रजी सबटायटल्स असतात, मराठी नसतात. माझी मातृभाषा मराठी, शाळा मराठी, आणि मराठी माणूस मराठीत काय बोलला ते मला इंग्रजीत वाचावं लागतं. कोल्हापुरी टोमण्याचं तिथं एक सपाट वाक्य झालेलं असतं. मी तीन ठिकाणी लिहून कळवलं. एकाकडून आभाराचं पत्र आलं. वर्गणीवर बोलताना ही गोष्टही मोजा, एवढीच विनंती.

ठाणे

सगळं दोनदा वाचलं. नाशिकच्या ताईंचं वाचून त्याच रात्री आईंचा फोन बघितला. एक मँडेट होतंच, भजनांच्या ॲपचं, पाच महिन्यांचं. बंद केलं. आमच्या तिनातलं एक या महिन्यापासून थांबवलं आणि फ्रिजवर कागद लावला. गिरगावच्या दादांनी लिहिलं त्याचा मी आजवर विचारच केला नव्हता. मीही लिहून कळवणार आहे.

गोव्याच्या ताई, तुम्ही म्हणालात तिथंच सिनेमा सापडला, अधिकृत, फुकट. रविवारी दुपारी लावला. प्रिंट धूसर आहे आणि दोन गाणी कापलेली आहेत. आईंना दोन्ही पाठ होती. जिथं कापली होती तिथं त्यांनी मला सिनेमा थांबवायला लावला आणि म्हणून दाखवली.