आर्किमिडीजचा मुकुट: सांडलेल्या पाण्यावरून सोन्यातील भेसळ खरोखर पकडता येते का?

प्रश्न – करवीरकर

नमस्कार. माझी मुलगी आठवीत असून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट निवडली आहे. सायराक्यूजचा राजा हिएरो याने देवाला अर्पण करण्यासाठी सोन्याचा मुकुट घडवायला दिला, सोनाराने त्यातले काही सोने काढून तेवढ्याच वजनाची चांदी मिसळल्याचा संशय आला, आणि आर्किमिडीजने भरल्या भांड्यातून सांडलेल्या पाण्यावरून ती चोरी उघडकीस आणली, ही गोष्ट आपण सर्वांनीच शाळेत ऐकली आहे.

रविवारी आम्ही हाच प्रयोग घरी केला. आईच्या २२ कॅरेटच्या दोन भरीव पाटल्या (वजन ४६.८० ग्रॅम) काठोकाठ भरलेल्या पातेल्यात अलगद सोडल्या. पहिल्यांदा सुमारे २ मिलिलिटर पाणी सांडले, दुसऱ्यांदा ४, आणि तिसऱ्यांदा काठावर नुसता फुगवटा आला. थेंबसुद्धा खाली पडला नाही. एवढ्या अनिश्चित मोजमापावर एखाद्या कारागिराला चोर ठरवता येईल, हे मुलीला पटत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही. आमचे काही चुकते आहे, की गोष्टच चुकीची आहे?

उत्तर – विज्ञान शिक्षिका, राजारामपुरी

आपल्या मुलीची शंका अगदी योग्य आहे, आणि तिने ती प्रदर्शनात मांडलीच पाहिजे.

समजा मुकुट १ किलोचा होता. सोन्याची घनता प्रति घनसेंटिमीटर १९.३ ग्रॅम आणि चांदीची १०.५ ग्रॅम असते. म्हणजे शुद्ध सोन्याचा मुकुट ५१.८ घनसेंटिमीटर जागा व्यापेल, तर ३०० ग्रॅम चांदी मिसळलेला मुकुट ६४.८. फरक १३ घनसेंटिमीटरचा. परंतु मुकुट मावेल असे २० सेंटिमीटर व्यासाचे भांडे घेतले, तर एवढ्या फरकाने पाण्याची पातळी जेमतेम ०.४ मिलिमीटरने बदलते. पाण्याला पृष्ठताण असल्यामुळे काठावर फुगवटा तयार होतो तो याहून जाड असतो, आणि आपल्या पाटल्यांचे पाणी त्या फुगवट्यातच अडकले.

सांडलेल्या पाण्याची ही कथा व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुविशारदाने लिहून ठेवली आहे, आणि तो आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर (इ.स.पू. २१२) शतकाहून अधिक काळाने होऊन गेला. स्वतः आर्किमिडीजच्या आज उपलब्ध असलेल्या लेखनात मुकुटाचा उल्लेख नाही. तेथे आहे तो उत्प्लावक बलाचा नियम, आणि माझ्या मते खरी युक्ती त्या नियमातच दडलेली आहे. १५८६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, गॅलिलिओनेही हीच शंका घेऊन पाण्यात तोलण्याच्या तराजूचे वर्णन केले. तराजूच्या एका बाजूला मुकुट आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचे शुद्ध सोने टांगावे. हवेत दोन्ही समतोल राहतील. दोन्ही पाण्यात बुडवताच भेसळीचा मुकुट जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून त्याच्यावर वर ढकलणारे बल जास्त लागते आणि त्याची बाजू वर उचलली जाते. वरच्या उदाहरणात हा फरक १३ ग्रॅमचा येतो, आणि तो साध्या तराजूलाही कळतो.

घरी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा मिळाला तर आणखी सोपे आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि पाटल्या बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडतील, पण तळाला व काठाला टेकणार नाहीत, अशा धराव्यात. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्यांचे आकारमान. मूळ वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. २२ कॅरेटमध्ये तांबे किंवा चांदी कोणत्या प्रमाणात आहे त्यानुसार घनता साधारण १७.६ ते १८ येते, आणि १८ कॅरेटची १५ ते १६.

उत्तर – गुजरीतील कारागीर

शिक्षिका ताईंनी विज्ञान नेमके सांगितले आहे. मी कामातली अडचण सांगतो, कारण अर्धवट प्रयोगावरून सोनारावर आळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

भरीव पाटलीला ही रीत चालते. ठुशी, बोरमाळ किंवा साज यांतले मणी पुष्कळदा पोकळ असून आत लाख भरलेली असते. लाख अतिशय हलकी असल्यामुळे अशा डागिन्याची घनता कमी येणारच, आणि त्यावरून सोन्याचा कस कळत नाही. खडे जडवलेल्या डागिन्याचेही तसेच. नक्षीच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात, तेव्हा पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा आणि डागिना हलकेच हलवून घ्यावा. एक ग्रॅमच्या सोन्याच्या तुकड्यात २२ आणि १८ कॅरेटचा फरक काट्याच्या शेवटच्या एका अंकापुरताच दिसतो, त्यामुळे लहान वस्तूवर भरवसा ठेवू नये.

उलट बाजूही सांगतो. टंगस्टन या धातूची घनता जवळजवळ सोन्याइतकीच असते. ते आत दडवले तर पाण्याचा काटाही फसतो, आणि कसोटीचा दगड तर केवळ वरचा थर सांगतो. म्हणून पैशाचा व्यवहार असेल तेव्हा हॉलमार्कची खूण आणि २०२१ पासून आलेला सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहावा, आणि तरीही शंका उरली तर तपासणी केंद्रातून परीक्षा करून घ्यावी.

करवीरकर

दोघांचेही मनापासून आभार. ओळखीच्या दुकानातून काटा आणून काल रात्री प्रयोग केला. तीन वेळा बुडवून २.६४, २.६५ आणि २.६४ असे आकडे आले, म्हणजे घनता १७.७ च्या आसपास. त्यानंतर मुलीने आजीची ठुशी तोलायला मागितली, तेव्हा तिला आधी कारागीर काकांचे उत्तर वाचायला दिले. आता प्रदर्शनात ती काठोकाठ भरलेले पातेले आणि काटा असे दोन्ही प्रयोग शेजारी-शेजारी मांडणार आहे, आणि पातेल्याचे तिन्ही वेळचे वेगवेगळे आकडे खोडून न टाकता तसेच तक्त्यावर लिहिणार आहे.