लेखक ४५ मिनिटं वाचत बसले तर थांबवायचं कोणी?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण मिळून वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला आपल्याच भागातल्या एका लेखकाला बोलावतो. थोडं वाचन, थोड्या गप्पा, आणि कोणाचं नवीन पुस्तक आलं असेल तर प्रकाशनही तिथेच उरकतो. लोक येतात, तक्रार नाही. पण मागच्या महिन्यात पार फज्जा उडाला.

एका निवृत्त सरांची पहिली कादंबरी होती. माणूस देवमाणूस, आमच्यातल्या तिघांना त्यांनीच शिकवलंय. आधी ओळख, मग प्रास्ताविक, मग प्रकाशकांचं मनोगत, मग पाहुण्यांचं मनोगत, यातच पाऊण तास गेला आणि मग सरांनी पुस्तक उघडलं आणि पहिलं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. घड्याळ लावून ४५ मिनिटं. पहिलं प्रकरण म्हणजे काय तर कोण कोणाचा कोण आणि घर कसं होतं. मी मागे उभा होतो म्हणून दिसलं, आधी एक मोबाइल उजळला, मग तीन, मग दारापाशी चपलांचा आवाज. ४० प्रती आणल्या होत्या त्यातल्या ६ गेल्या आणि त्यातल्या २ आम्हीच घेतल्या.

खाली उतरताना सर म्हणाले, "फार लांबलं का रे?" मी म्हटलं, "छे छे सर, मस्त झालं." आता ते डोक्यातून जात नाहीये.

पुढच्या महिन्यात एका बाईंच्या आठवणींचं पुस्तक आहे, आयुष्यभर नर्स होत्या त्या. काल त्यांचा फोन आला, "किती पानं वाचू?" आणि मला उत्तरच सुचलं नाही. तुम्ही लोक काय करता? आणि मोठ्या माणसाला "कमी वाचा" हे तोंडावर सांगायचं कसं?

खुर्च्यामांडणारा

पानं सांगूच नका, मिनिटं सांगा. पान म्हटलं की लेखक छापील पान धरतो आणि छापील पानात किती मजकूर आहे त्यावर सगळं फिरतं. मी सरळ सांगतो, दोन उतारे, दोन्ही मिळून १२ ते १५ मिनिटं. आणि घरी मोबाइलचा टायमर लावून मोठ्याने वाचून बघायला सांगतो. मनात वाचून अंदाज केला की तो हमखास चुकतो, कारण मनात आपण धावतो आणि माणसांसमोर थांबत थांबत वाचतो. मी स्वतः मोजलंय, माझ्या वेगाने मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास होतात, म्हणजे १२ मिनिटांत साधारण १४०० शब्द. आता तुमच्या बाईंच्या पुस्तकाची किती पानं होतात ते बघा, बहुतेक पाच-सहाच निघतील.

दुसरं, पहिलं प्रकरण नको. पहिलं प्रकरण आरामात बसून वाचायला लिहिलेलं असतं, त्यात सगळी मांडामांड असते. मधला एखादा प्रसंग घ्या जिथे दोन माणसं बोलतायत आणि काहीतरी अडलंय. आधी दोन वाक्यांत सांगायचं की ही कोण, ती कोण, आपण कुठे आहोत, आणि लगेच सुरू. आणि उतारा संपवायचा तो गोष्ट सुटायच्या आधी. पुढे काय झालं हे ज्याला कळायला हवंय तो टेबलापाशी येतो, तुमच्या ६ प्रतींचं कारण मला तरी इथेच दिसतंय.

आणि खरं सांगू का, तुमचे सर ४५ मिनिटांवर गेले ही त्यांची एकट्याची चूक नाही. त्यांच्या आधी पाऊण तास लोकांना तुम्हीच बसवून ठेवलं होतंत. कार्यक्रम सुरू झाल्यापासून दहा मिनिटांत लेखकाचा आवाज कानावर पडला पाहिजे, मनोगतं मागून.

हो, आणि खुर्च्या कमी मांडा. पन्नास येतील वाटत असेल तर पस्तीस मांडा, बाकीच्या भिंतीला रचून ठेवा. वीस माणसं पस्तीस खुर्च्यांत बरी दिसतात, पन्नासात हरवतात. उशिरा येणाऱ्यांसाठी दाराजवळच्या दोन-तीन खुर्च्या रिकाम्या ठेवा म्हणजे वाचन चालू असताना कोणी समोरून जात नाही.

दुसरीआवृत्ती

मी तुमच्या सरांच्या जागी बसलेलो आहे हो. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मीही असाच वाचत सुटलो होतो आणि मला समोरचे मोबाइल दिसतही होते, पण थांबायचं कुठे हेच कळेना, कारण थांबायची जागा मी आधी ठरवलीच नव्हती. पुस्तक हातात असलं की पुढचं पान उलटलं जातं, हात ऐकतच नाही.

तेव्हापासून मी पुस्तकातून वाचतच नाही. वाचायच्या उताऱ्याची वेगळी प्रत काढतो, १६ किंवा १८ पॉइंटमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला, आणि पान संपतं तिथे वाक्यही संपेल असं बघून. पानांवर नंबर घाला, एकदा माझे कागद खाली पडले होते तेव्हापासून घालतो. आणि या प्रतीत बेधडक कापाकापी करायची. "तो म्हणाला", "ती म्हणाली" यातले निम्मे जातात कारण ते तुमच्या आवाजातूनच कळतं. पुढच्या प्रकरणात लागणारी पण आज न लागणारी माणसं जातात. डोळ्यांना चालणारं सहा ओळींचं वाक्य कानाला चालत नाही, ते तोडायचं. पुस्तकाला धक्का लागत नाही, ते छापलेलं आहेच.

हे काही मी शोधलेलं नाही. चार्ल्स डिकन्सने १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला आपल्या ख्रिसमसच्या गोष्टीचं पहिलं जाहीर वाचन केलं तेव्हा ते जवळजवळ तीन तास चाललं होतं. नंतर १८५८ पासून तो तिकीट लावून कार्यक्रम करायला लागला. त्यासाठी त्याने वाचनाच्या वेगळ्या प्रती बनवल्या, भरपूर मजकूर खोडलेला आणि कडेला स्वतःसाठी सूचना लिहिलेल्या, आणि तीच गोष्ट निम्म्यावर आणली. एवढा मोठा लेखक स्वतःची वाक्यं कापत होता, मग आपण कोण. बाईंना हेच सांगा, "कमी वाचा" असं म्हणूच नका, "वाचायची प्रत तयार करूया" म्हणा. त्यात अपमान वाटत नाही, उलट काम मिळतं.

माइकचं एक सांगतो. भ, फ, ध, ख अशी अक्षरं आली की तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो आणि तो सरळ माइकवर आपटला की स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. माइक तोंडासमोर धरायचा नाही, वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवायचा. आणि स्टँडवरच हवा. एका हातात माइक, दुसऱ्यात कागद, मग पान कशाने उलटणार?

चष्मेवाला

मला हे सगळं जरा अति वाटतंय. ४५ मिनिटं हा प्रॉब्लेमच नाही, वाचन कंटाळवाणं होतं हा प्रॉब्लेम आहे. चांगला कथा सांगणारा माणूस दीड-दोन तास सहज बांधून ठेवतो आणि कोणी घड्याळ बघत नाही. वर डिकन्सचं उदाहरण दिलंय, पण तीन तासांचं निम्मं म्हणजेही दीड तास झाला की! लोक बसायचेच ना? आता सगळ्यांना १२ मिनिटांची चटक लावायची आणि मग लोकांना लांब ऐकायची सवय राहिली नाही म्हणून रडायचं.

सरांना वाचायला शिकवा ना. दोनदा तालीम घ्या.

खुर्च्यामांडणारा

@चष्मेवाला डिकन्स त्या प्रसंगातल्या माणसांचे आवाज काढून, जवळजवळ नाटक करून वाचायचा हो. आमच्याकडे येणाऱ्या दहा लेखकांतले आठ मान खाली घालून एका सुरात वाचतात आणि त्यांचं काही चुकत नाही, ते लिहिणारे लोक आहेत. पण तालमीचं पटलं. फक्त तालीम त्याच हॉलमध्ये घ्या, घरी नको. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो तेव्हा माणूस आपोआप सावकाश वाचायला लागतो.

मधल्यारांगेतली

मी आयोजक नाही, लेखकही नाही, फक्त जाऊन बसते. पण आमच्याकडून कोणी विचारतच नाही म्हणून लिहिते.

वाचन लांबलं तर मी सहन करते, मला जास्त त्रास प्रश्नोत्तरांचा होतो. "कोणाला काही विचारायचंय?" असं म्हटलं की आधी भयाण शांतता, आणि मग एक गृहस्थ उठतात ते प्रश्न विचारत नाहीत, स्वतःच्या अप्रकाशित पुस्तकाबद्दल बोलतात. प्रत्येक ठिकाणी असतात ते, मला तर कधीकधी वाटतं एकच माणूस सगळीकडे फिरतोय. त्यापेक्षा लेखकाबरोबर एक जण गप्पा मारायला बसवा ज्याने पुस्तक खरंच पूर्ण वाचलंय (हे लिहावं लागतंय यातच आलं सगळं), त्याने दोन प्रश्न विचारून झाले की हॉलमधले हात आपोआप वर येतात. पहिला प्रश्न कोणाला तरी आधीच देऊन ठेवला तरी चालेल, मी नाही सांगणार कोणाला.

आणि हॉलमधून आलेला प्रश्न माइकवर परत सांगा प्लीज!! माझ्या आईला कमी ऐकू येतं, तिला फक्त उत्तरं कळतात. ती घरी येऊन मला विचारते, "ते 'हो, तीन वेळा' म्हणाले ते कशाबद्दल होतं गं?"

अजून एक, गप्पा मारणाऱ्याने पुस्तकाचा शेवट फोडू नये. एकदा पाहुण्यांनी भाषणात कौतुकाच्या भरात शेवटच्या प्रकरणात कोण मरतं ते सांगून टाकलं. लेखिकेचा चेहरा बघवत नव्हता.

पानापानात

विक्रीच्या टेबलावर मी पाच-सहा वर्षं बसतेय त्यामुळे तेवढंच सांगते. पुस्तकं कोण आणणार, न विकलेल्या प्रती परत कोण नेणार आणि कमिशन घ्यायचं असेल तर किती, हे प्रकाशकाशी किंवा लेखकाशी आधी बोलून लिहून ठेवा. लेखकाने स्वतः छापलेलं पुस्तक असेल तर जास्तच, कारण तिथे सगळा खर्च त्याच्याच खिशातून गेलेला असतो आणि नंतर पैशांचं बोलायला त्याला लाज वाटते.

टेबल दाराच्या वाटेवर हवं, स्टेजजवळ नको. वाचन संपल्यावर लोक बाहेर पडतात, परत आत वळून कोणी येत नाही. सह्यांसाठी लेखकाला टेबलाच्या शेवटी बसवा, आधी पैसे मग सही, नाहीतर सही केलेली प्रत हातात घेऊन लोक गप्पा मारत तसेच निघून जातात. मुद्दाम नाही हो, खरंच विसरतात.

रांगेत उभं असतानाच प्रत्येकाला छोटी चिठ्ठी द्या, ज्याच्या नावाने सही हवीय ते नाव त्यावर लिहायला सांगा. लेखक आधीच भांबावलेला असतो, समोर ओळखीचा चेहरा दिसतो आणि नाव आठवत नाही, चिठ्ठीने ती अब्रू वाचते. पेन दोन ठेवा आणि आतल्या कागदावर आधी टेकवून बघा. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर जेल पेन फिसकटतं, समोरच्या पानावर उलटी सही उमटते.

सरांच्या उरलेल्या ३४ प्रतींचं काय केलंत? पुढच्या कार्यक्रमाला टेबलावर ठेवा ना.

अर्धविराम

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं येईल वाटलं नव्हतं.

बाईंना फोन केला. "वाचायची प्रत" हा शब्द कामी आला @दुसरीआवृत्ती, त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे ड्यूटी बदलताना हँडओव्हर देतो तसं, जे पुढच्या माणसाला लागणार तेवढंच." मी म्हटलं अगदी तसंच. त्यांनी रात्रपाळीचा एक प्रसंग निवडलाय, पहिल्यांदा वाचला तेव्हा १९ मिनिटं झाली, दुसऱ्यांदा ११. डॉक्टरांची तीन नावं होती ती उडवली, आता फक्त "मोठे डॉक्टर" आहेत. प्रसंग कुठे थांबवायचा यावर मात्र आमचं भांडण चालू आहे, त्यांना पेशंट वाचला हे सांगून टाकायचंय, मला नकोय.

काल सरांकडेही गेलो, प्रतींचं निमित्त करून. पुढच्या कार्यक्रमात टेबलावर ठेवतो म्हटलं आणि मग कसंबसं म्हटलं की सर त्या दिवशी जरा लांबलं होतं. ते म्हणाले, "मला माहितेय, मी वर्गात ३५ मिनिटांच्या पुढे कधी गेलो नाही." मग पुस्तक काढून विचारलं, कुठला भाग वाचायला हवा होता. मी सातव्या प्रकरणातलं भावाभावांचं बोलणं म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे दोन पानं मोठ्याने वाचली आणि खरंच चांगली वाचली, @चष्मेवाला तुमचंही थोडं बरोबर आहे. त्यांना बाईंशी गप्पा मारायला बसवावं का असा विचार चाललाय, पुस्तक पूर्ण वाचून येणारा माणूस त्यांच्याइतका खात्रीचा दुसरा कोणी नाही.

बाकी खुर्च्या पस्तीस, मनोगतं शेवटी, चिठ्ठ्या आमच्या शेजारची मुलगी कापतेय. माइकचा स्टँड मिळालाय पण हॉलमधली वायर टेबलापर्यंत पोचत नाही, टेबल पुढे घेतलं तर पहिली रांग काढावी लागेल. कोणाकडे लांब वायर असेल तर सांगा.

दुसरीआवृत्ती

पहिली रांग काढाच, तिथे तसंही कोणी बसत नाही.