जुने ६० सेंमी गेजचे रूळ: लष्करी की कारखान्याचे?

मुळशीकर: भवानी पेठेतल्या एका भंगारवाल्याकडे लोखंडी स्लीपरला जोडलेल्या छोट्या रुळांच्या ५ मीटरच्या चौकटी आहेत. शेतात शेणखत ओढायला हातट्रॉली करायची आहे. तो म्हणतो, "मिलिटरीचा माल." ओळखायचं कसं? एक वळण २० मीटर त्रिज्येचं लागेल.

रूळमाप: गेज दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमध्ये घ्या, माथ्यापासून १४ मिमी खाली, निदान तीन ठिकाणी. ६०० मिमी आलं तर फ्रेंच-जर्मन पद्धतीचं, ६१० आलं तर इंग्रजी २ फुटी. माथेरानची गाडी ६१० वरच चालते. मात्र झिजून ६०० चं ६०५ होतं, म्हणून वजनही बघा. एक सुटा रूळ काट्यावर घाला. ५ मीटरला ४५ ते ५० किलो भरला तर उचलून हवी तिथे मांडायच्या लाइनीचा. ७५ च्या आसपास भरला तर बार्शी लाइट रेल्वेच्या सुरुवातीच्या रुळाच्या तोडीचा. मग रुळाच्या उभ्या भागावर तारेचा ब्रश मारा, खडू घासा आणि टॉर्च तिरपा धरा; कारखान्याचं नाव आणि साल उठून दिसतं. तरी त्यावरून रूळ कुठे बनला ते कळेल, कुणी वापरला ते नाही.

आसभार: "मिलिटरीचा" म्हणून जास्त पैसे देऊ नका. ही पद्धत मुळात शेतातली. पॉल डेकोव्हिलने १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये बीट वाहायला अशा चौकटी वापरल्या, १८८८ मध्ये फ्रेंच तोफखान्याने त्या स्वीकारल्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर उरलेला माल पुन्हा खाणी-कारखान्यांत गेला. इंग्लंडमधली लेटन बझर्डची वाळूची लाइन १९१९ मध्ये अशाच मालावर उभी राहिली.

सैन्याला गेजपेक्षा आसावरचा भार महत्त्वाचा होता. जर्मन ब्रिगेड इंजिनाचे (लष्कराच्या छोट्या वाफेच्या इंजिनाचे) १२ टन चार आसांवर वाटलेले, म्हणून हलका रूळ टिकला. त्याच्या पहिल्या-शेवटच्या आसांना क्लीन-लिंडनर रचना होती: भरीव आसावर पोकळ नळी, मधोमध गोल सांधा, त्यामुळे चाकं वळणात सरकतात. माथेरानच्या १९०७ च्या ओरेनश्टाइन-कोपेल या जर्मन कंपनीच्या इंजिनांतही हीच! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शीला ७६२ मिमी गेज घेतलं, पण आसाला ५ टनांची मर्यादा कसोशीने पाळली. अपवाद कालका-शिमला रेल्वेचा: ती २ फुटी ठरली होती. सैन्याच्या आग्रहामुळे ७६२ झाली.

रूळमाप: विकत घेण्याआधी फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) भोकांभोवती चिरा बघा. रूळ तिथूनच तुटतो. स्लीपरखाली गंजून पातळ झालेली चौकट सोडून द्या. वळण तपासायला ४ मीटर दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणा. मधोमध १० सेंमी अंतर आलं की त्रिज्या २० मीटर. सांध्यात हिवाळ्याच्या सकाळी ३ मिमी फट ठेवा, नाहीतर मे महिन्यात लाइन बाजूला फुगेल.

मुळशीकर: मोजलं, ६०२ आहे. ६१० च्या चाकांच्या ट्रॉल्या स्वस्त मिळताहेत. चालतील?

आसभार: तशाच नाहीत. चाकाच्या कडेला (रुळाच्या आत उतरणाऱ्या काठाला) मिळणारी मोकळीक संपते आणि पहिल्याच वळणात कड रुळावर चढते. चाकं आसावर घट्ट बसवलेली असतील तर वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर दोन्ही बाजूंनी सारखी ४-५ मिमी आत घ्या. एकच चाक सरकवलंत तर ट्रॉली कायम एका बाजूला ओढेल. आसाला आतल्या बाजूने खांदा असेल तर चाक आत जाणार नाही. मग आधी लेथवर तो खांदा मागे घ्यावा लागेल, आणि तेवढ्या खर्चात ६०० ची चाकं परवडतात.